वखारीशेजारचा एसएमपीएस: एका घरातले तीन आवाज

मार्चमधली दुपार होती. निपाणीत त्या दिवसांत वखारी भरलेल्या असतात आणि रस्त्यावरच्या हवेलासुद्धा तंबाखूचा वास असतो. माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात बाप-लेक आले, मुलाच्या हातात गेमिंगच्या संगणकाचं कॅबिनेट होतं. मुलगा इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला, वडील वखारीत कामाला. टेबलावर कॅबिनेट ठेवता ठेवताच वडील म्हणाले, "एसएमपीएस बदलून दोन महिनं झालं. पाच हजार गेलं. आवाज हाय तसाच हाय. गिरणीवानी घरघरतंय बघा." एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला, संगणकाला वीज पुरवणारा डबा.

मुलगा लगेच म्हणाला, "घरघर नाही काका, बारीक आवाज आहे. सुंई असा. पप्पांना ऐकूच येत नाही."

"मला ऐकू येत न्हाई? सकाळच्या पारी झोप मोडतीया माझी."

मी ते बाप-लेकाचं भांडण समजून सोडून दिलं. तिथेच चुकलो. पुढचे दहा दिवस गेले ते या चुकीमुळे, म्हणून आधी तेच लिहितो. दोघं एका आवाजाबद्दल भांडत नव्हते. दोघं दोन आवाज सांगत होते, आणि घरी राहिलेल्या आईने ऐकलेला तिसरा आवाज तर अजून दुकानात पोचलाच नव्हता.

मशीन चांगलं होतं. सहा कोअरचा ६५ वॅटचा प्रोसेसर, १७० वॅटचं ग्राफिक्स कार्ड आणि नवा ६५० वॅटचा, ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस. हिशेबाने एसएमपीएस पुरून उरणारा. आधीच्या दुरुस्तीवाल्याने आवाज ऐकून थेट एसएमपीएस बदलला होता. का बदलला, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि या दोघांनी विचारलंही नव्हतं.

मी नेहमीचं केलं. प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर तासभर पूर्ण ताण दिला. १२ व्होल्टची लाइन मोकळ्या अवस्थेत १२.०८ आणि ताणाखाली ११.९२. एसएमपीएससाठीच्या एटीएक्स मानकात ५ टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. त्यामुळे विजेच्या बाजूने एसएमपीएस ठणठणीत होता. आवाज? पंख्याच्या वाऱ्याचा तेवढा. घरघर नाही, सुंई नाही. मी वरवरची धूळ उडवली आणि मशीन परत दिलं.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "काका, तसाच यायलाय."

आवाजाच्या तक्रारीत हे नेहमी होतं. मशीन दुकानात येतं आणि आवाज घरीच राहतो. गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं अशा वेळी काही जण समजतात, मला ते कधीच पटलेलं नाही. दुकानात आवाज आला नाही, तर दुकानात काय वेगळं होतं ते शोधायचं. मुलाला सांगितलं, एक वही कर. आवाज आला की चार गोष्टी लिही: वेळ, पडद्यावर काय चाललंय, लाइट लाइनीची आहे की इन्व्हर्टरची, आणि आवाज कसा आहे, तुझ्या शब्दांत. "आवाज येतो" असं लिहायचं नाही. घरघर, करकर, टकटक, चिरचिर, गुणगुण, भणभण, जो असेल तो शब्द लिहायचा. आणि घरात ज्याने ऐकला त्यालाच विचारून लिहायचा.

या शेवटच्या सूचनेवर माझा फार भरवसा आहे. आपल्या भाषेत आवाजाला शब्द इतके नेमके आहेत की निम्मं निदान शब्दातच होतं. घरघर म्हटलं की काहीतरी फिरतंय आणि घासतंय. टकटक म्हणजे फिरणाऱ्या वस्तूला काहीतरी ठरावीक वेळाने लागतंय. सुंई किंवा चिरचिर म्हणजे फिरणारं काही नाही, बारीक कंप आहे. भणभण म्हणजे जाड, सलग कंप, आणि तो बहुतेक वेळा विजेच्या ५० हर्ट्झशी बांधलेला असतो. तांब्याच्या वेटोळ्यातला प्रवाह आणि लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व एका चक्रात दोनदा टोकाला जातं, म्हणून हा आवाज ५० च्या दुप्पट, १०० हर्ट्झला ऐकू येतो. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की ऐकू येतो तोच.

चार दिवसांनी मुलाने वहीचं पान फोटो काढून पाठवलं. अकरा नोंदी होत्या. सकाळी सहा-साडेसहाच्या नोंदी वडिलांच्या: "घरघर, चालू केल्यावर दहा मिनिटं, मग कमी." संध्याकाळच्या मुलाच्या: "सुंई, मेन्यूमध्ये जास्त, मॅच चालू झाली की कमी." आणि रात्रीच्या तीन नोंदींपुढे लिहिलं होतं, "आई म्हणते भुंगा शिरल्यागत गुंगुं. लाइट गेल्यावर."

ते पान वाचल्यावर मी दुपारची कामं बाजूला ठेवली आणि त्यांच्या घरी गेलो.

घर वखारीला लागूनच. मुलाच्या खोलीची खिडकी वखारीच्या आवारात उघडते. कॅबिनेट जमिनीवर, सतरंजीवर ठेवलेलं. एसएमपीएस कॅबिनेटच्या तळाशी, पंखा खाली तोंड करून, म्हणजे हवा थेट सतरंजीतून ओढणारा. मी कॅबिनेट आडवं करून तळाची जाळी काढली. तिच्यावर तपकिरी थर होता, बोटाने खरवडला तर चिकट. तंबाखूचा खकाणा, म्हणजे बारीक भुकटी. साधी धूळ ब्लोअरने उडते, खकाणा उडत नाही. तो किंचित ओलसर, तेलकट असतो, पंख्याच्या पात्यांना चिकटतो आणि मधल्या दांड्याच्या फटीत जाऊन बसतो. मला दोन शिंका आल्या आणि आतून वहिनी म्हणाल्या, "आमाला सवय झालीया, मशीनला व्हायची हाय."

पहिला आवाज तिथेच सापडला. या एसएमपीएसचा पंखा स्लीव्ह बेअरिंगचा होता. स्लीव्ह बेअरिंग म्हणजे तेलाच्या पातळ थरावर फिरणारा दांडा. पहाटेच्या गारव्यात तेल घट्ट, त्यात खकाण्याचा चिखल झालेला, म्हणून दांडा घासतो आणि घरघर होते. दहा मिनिटांत आतली उष्णता वाढते, तेल पातळ होतं, आवाज दबतो. माझ्या दुकानात मार्चच्या दुपारी मशीन आलं तेव्हा ते चालू होण्याआधीच गरम होतं. तिथे घरघर येणार कुठून? शिवाय खाली तोंड करून टांगलेल्या पंख्यात स्लीव्ह बेअरिंग उभ्यापेक्षा लवकर झिजतं. खात्री करायला मी मशीन पूर्ण थंड होऊ दिलं आणि एसएमपीएस बाहेर काढला. २४ पिनांच्या सॉकेटातली हिरवी वायर काळीला जोडून तो एकटाच चालू केला, आधी पंखा खाली ठेवून आणि मग वर. वर केला की घरघर जवळजवळ गेली, खाली केला की परत आली. याहून स्पष्ट पुरावा नको.

मी वडिलांना विचारलं, "अण्णा, नवा बसवल्यावर पहिल्या दिवसापासून घरघर होती का?"

त्यांनी आठवून सांगितलं, "न्हाई. पंधरा-वीस दिवस गप हुता."

म्हणजे आधीच्या दुरुस्तीवाल्याचा अंदाज अर्धा बरोबर होता. जुन्या एसएमपीएसचा पंखा खरंच गेला असावा. पण ज्या जागेने जुना पंखा खाल्ला, त्याच जागेवर त्याने नवा ठेवला.

इथे एक गोष्ट निक्षून सांगतो, कारण पंख्यात तेल सोडायचा सल्ला आपल्याकडे कुणीही देतं. कॅबिनेटचा पंखा उघडून शिलाई मशीनचं तेल सोडणं वेगळं. एसएमपीएस उघडणं वेगळं. २३० व्होल्टचा पुरवठा आत सरळ केला की त्याचं शिखर ३२५ व्होल्टला पोचतं, आणि ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे लाइनीतून प्रवाह सुरळीत ओढणारं सर्किट, असलेल्या एसएमपीएसमध्ये मोठ्या कपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट साठलेले असतात. पिन काढली म्हणून ते लगेच उतरत नाहीत. ज्याने हे काम शिकून केलेलं नाही त्याने ते चार स्क्रू काढू नयेत. आणि चालू पंखा काडीने अडवून आवाज कुठला ते बघण्याचा उद्योग तर कुणीच करू नये. हा एसएमपीएस वॉरंटीत होता, मी सीलला हातही लावला नाही. पाती बाहेरून स्थिर धरून ब्लोअर मारला. पाती मोकळी सोडून ब्लोअर मारला तर पंखा भलत्या वेगाने फिरतो आणि उरलेलं बेअरिंगही जातं. मग तो वॉरंटीत बदलून घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या आवाजाला वेळ लागला नाही, पण मुलाला तो मान्य करायला लागला. त्याची पक्की खात्री होती की सुंई एसएमपीएसमधूनच येते. मी वर्तमानपत्राची नळी केली, एक टोक त्याच्या कानाला लावलं आणि दुसरं कॅबिनेटच्या आत एकेका भागाजवळ नेलं. एसएमपीएसजवळ फक्त वारा. ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या कोपऱ्याजवळ नेलं आणि तो दचकून मागे झाला. सुंई तिथून येत होती.

कार्डावर व्होल्टेज उतरवणाऱ्या लहान लहान कॉइल असतात. त्यांच्यातला प्रवाह सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, तो वेग आपल्या कानाच्या पलीकडचा. पण कार्ड जितक्या फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, काढतं, तितक्या वेळा त्याची भूक वर-खाली होते, आणि ती लय कानाच्या आवाक्यात येते. वेटोळी त्या लयीवर थरथरतात. खेळाच्या मेन्यूत काढायला काहीच नसतं, म्हणून कार्ड सेकंदाला सहाशे-सातशे फ्रेम काढत होतं. मॅच सुरू झाली की दीडशेवर यायचं आणि आवाज बसायचा. मी सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा १४४ केली, कारण त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचाच होता. मेन्यू उघडला. शांत. मर्यादा काढली, सुंई. लावली, शांत. त्याने स्वतः पाच-सहा वेळा करून पाहिलं.

दुकानात हा आवाज का नव्हता? मी सलग, एकसारखा ताण देणारी चाचणी लावली होती. मेन्यू उघडून मी पाहिलाच नव्हता. आणि वडिलांना का ऐकू येत नव्हता? वय वाढतं तसे उंच पट्टीचे आवाज आधी कमी होत जातात. मुलगा खरं बोलत होता, वडीलही खरं बोलत होते.

तिसऱ्या आवाजासाठी वहिनींना बोलावलं. त्यांची झोपायची खोली भिंतीपलीकडे. "लाइट गेली की यायलंय म्हणता ना? मग लाइट घालवूया," म्हणालो आणि घराचा मेन स्विच पाडला. इन्व्हर्टर चालू झाला. काही क्षणांत कॅबिनेटमधून जाड भणभण सुरू झाली. "ह्योच," वहिनी म्हणाल्या.

इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा. तो स्वतःही गुणगुणत होता, म्हणून आधी त्याच्यापाशी आणि मग एसएमपीएसपाशी नळी लावली. दोन्हीकडे भणभण होती, एसएमपीएसकडे थोडी करकरीत. मोबाइलमधल्या आवाजाची पट्टी दाखवणाऱ्या ॲपमध्ये १०० हर्ट्झला उंच रेघ, मग २००, ३००, ४०० ला लहान लहान रेघा. इथे एक फसगत होऊ शकते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ९०० फेऱ्या घेत असेल तर पात्यांचा आवाज बरोबर १०५ हर्ट्झला येतो, या रेघेच्या अगदी शेजारी. मी मशीनवर ताण टाकून पंख्याचा वेग वाढवला. पंख्याची रेघ सरकली, १०० ची जागची हलली नाही. म्हणजे ती विजेचीच.

लाइनीची वीज लाटेसारखी हळू चढते-उतरते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची वीज पायरीसारखी एकदम वर, एकदम खाली उडी मारते. प्रत्येक उडीला एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधून आणि पीएफसीच्या मोठ्या कॉइलमधून प्रवाहाचा झटका जातो, आणि तो झटका वेटोळ्यांना हलवतो. एसएमपीएस बिघडलेला नसतो, त्याला मिळणारी वीज तशी असते. दुसरा कितीही महागाचा एसएमपीएस आणला असता तरी ही भणभण कमी-जास्त प्रमाणात आलीच असती. माझ्या दुकानातला इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाइनीसारखीच लाट देणारा आहे. तिथे हा आवाज मला कधीच ऐकू आला नसता.

मोजमापातही त्या विजेने एक खोडी केली. माझ्या साध्या मीटरने इन्व्हर्टरचं व्होल्टेज २३८ दाखवलं, कुठल्याही आकाराच्या लाटेचं खरं व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रू आरएमएस मीटरने २१५. साधा मीटर सरासरी मोजून तिला साइन लाटेच्या हिशेबाने गुणतो, म्हणून चौकोनी लाटेवर तो साधारण ११ टक्के जास्त दाखवतो. इन्व्हर्टरवरची तक्रार तपासताना हा फरक माहीत नसला तर सगळं छान आहे असं वाटतं.

उपाय काय? प्युअर साइन वेव्हचा नवा इन्व्हर्टर घेणं हा उत्तम, पण त्या घराने नुकताच एसएमपीएसवर खर्च केला होता, आणि मला त्यांच्यावर आणखी खर्च लादायचा नव्हता. संगणकासाठी वेगळा स्वस्तातला यूपीएस घ्यावा तर त्यातले बहुतेक बॅटरीवर पायऱ्यांचीच लाट देतात, म्हणजे पुन्हा तेच. मुलाला सरळ सांगितलं: लाइट गेली की दोन मिनिटांत सेव्ह करून मशीन बंद. तशीही ३०० वॅटची भूक त्या बॅटरीला फार वेळ झेपत नव्हती आणि रात्री घरातले पंखे बंद पडत होते. वहिनींच्या चेहऱ्यावरून कळलं की हे त्यांनी त्याला आधीही सांगितलेलं असणार.

निघायच्या तयारीत होतो तेव्हा वडील सहज म्हणाले, "त्या डब्याला हात लावला की कदी कदी झिणझिण्या येत्यात. त्ये हाय ते हाय."

मी पिशवी खाली ठेवली. तक्रारीच्या वहीत हे कुठेच नव्हतं, आणि सगळ्या प्रकरणात हीच एक गोष्ट जिवावरची होती. भिंतीतल्या सॉकेटात मोजलं: फेज आणि न्यूट्रलमध्ये २२६, फेज आणि अर्थिंगमध्ये ९० च्या आसपास डळमळणारा आकडा. अर्थिंग तुटलेलं होतं. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी फेजपासून आणि न्यूट्रलपासून धातूच्या अंगाकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. विजेतला कचरा ते अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटचं पूर्ण अंग पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजला, ११५ च्या आसपास तरंगत राहतं. प्रवाह एक मिलिअँपियरपेक्षाही कमी असतो, म्हणून फक्त झिणझिणतं. पण उद्या आत कुठे फेज अंगाला लागली तर तिला जमिनीत जायला वाट नाही, वाट फक्त हात लावणाऱ्याच्या अंगातून. अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून. मी त्यांना सांगितलं, आवाजाचं नंतर बघू, अर्थिंग होईपर्यंत हे मशीन या सॉकेटाला लावायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. अंगणातल्या खड्ड्यातली पट्टी गंजून तुटली होती. नवी पट्टी, कोळसा-मीठ, पाणी. संध्याकाळी मी परत मोजलं: फेज-न्यूट्रल १९१, फेज-अर्थिंग १८९. १९१ हा संध्याकाळचा नेहमीचा आकडा असल्याचं नंतरच्या दोन-तीन मोजण्यांत दिसलं. तो एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टला चालणारा, त्यामुळे धोका नाही. पण व्होल्टेज कमी झालं की तेवढ्याच कामाला प्रवाह जास्त ओढावा लागतो. भिंतीतून ३४० वॅट घेणारं मशीन २३० व्होल्टला दीड अँपियर घेतं, १९१ ला पावणेदोनच्या पुढे जातं. एसएमपीएस जास्त तापतो, पंखा जास्त पळतो. घरघरीला तेही खतपाणी होतंच.

एसएमपीएस वॉरंटीत बदलून यायला तीन आठवडे गेले. तोपर्यंत मुलाचं मशीन बंद होतं, आणि त्याने कुरकुर केली नाही याचं मला कौतुक वाटलं. नवा बसवताना कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर घेतलं, तळाला चार बोटं जागा सोडली. खकाणा जड, तो खालीच बसतो. दोन-अडीच फूट उंचीवर जाळीत निम्म्याहून कमी साचतो, हे मी इथल्या वखारीशेजारच्या दुसऱ्या घरांत पाहिलं आहे. खिडकीला बारीक जाळी लावली. एसएमपीएस उलटा, पंखा वर करून बसवायचाही विचार केला होता, पण मग तो कार्डाची गरम हवा ओढत बसला असता. जाळी दर रविवारी काढून मऊ ब्रशने झाडायची, असं ठरलं.

जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, मुलगा बॅटरीचं पाणी न्यायला दुकानाकडे आला होता. आवाज कसा आहे विचारलं. त्याने खिशातून मोबाइल काढून वहीचं नवं पान दाखवलं. मधल्या अडीच महिन्यांत एकच नोंद होती.

"सकाळी ६.४०. टकटक. पप्पांनी ऐकला. पुढच्या पंख्याला वायर लागत होती. मशीन बंद करून मीच बांधली."